नवरदेवासाठी गाडी

शनिवार, संध्याकाळ. वडसा.

सुमनच्या बाबांनी वरातीसाठी माझी गाडी मागितली, तिथंच माझं डोकं फिरलं. ठेकेदाराच्या गोदामात सडलेली ती बिनटपाची स्पोर्ट्स कार मी कॉलेज सोडून दुरुस्त केली, ती सुमनला शेजारी बसवायला. आज तिथं तिचा नवरदेव बसेल. मी हो काऊन म्हटलं?

दुपारी बंडूभाऊ मिस्त्रीनं चाकाखालचा डाग दाखवला. "ब्रेकचं तेल गळून राह्यलं. पाइप बदलव, मंग काढ."

नवरदेव तर खूश. "भाऊ, तलावाच्या उतारावर जोरानं पळवजा!"

नवा पाइप टेबलावर पडला आहे. मी मात्र फडक्यानं डाग पुसला. कोणाले दिसू नये म्हणून? मघाशी पाहिलं तर पुन्हा उमटला होता.

बँड वाजायला लागला. पाइप राहू दे इथंच. किल्ली घेतो, दार लावून निघतो.