रस्त्यापलीकडचा डबा

प्रिय आत्या,

आपल्या वस्तीतल्या शिंपिणीचं वजन दीड किलोनं वाढलं, असं नर्सबाईंनी आजच सांगितलं. तिला सातवा महिना आहे. साथीत तू माझ्या हाती दिलेलं अंगणवाडी केंद्र बंद झालं आणि पोषण आहार दारात ठेवून निघायचा हुकूम आला. मी तो पाळला. तिचं आहाराचं पाकीट घरातल्या सगळ्यांत वाटलं जायचं, तिचं वजन उतरलं. "गरोदर बाईला समोर बसवून खाऊ घाल," हे तुझं सांगणं तेव्हा आठवलं. आता ती तिच्या खिडकीत ताट घेऊन बसते आणि मी समोर, रस्त्यापलीकडे माझा डबा उघडून बसते. ती तिथून ओरडते, "ताई, आधी तुम्ही घास घ्या."

हे पत्र टाकणार नाही. "सांगितलं होतं ना," म्हणशील. सोमवारी पुन्हा वजन होईल. नर्सबाई म्हणतात, तिचं अर्धा किलो वाढेल, आणि माझंही.

तुझीच,
उशिरा ऐकणारी भाची