पोरं मोजणारा डोळ्यांचा दवाखाना

न्येरी (केनिया), सोमवार

लाडक्या गाथोनीस ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझे गुडघे, तुझी शेळी आणि तुझे यजमान (याच क्रमाने) बरे असतील असं धरून चालते. माझं म्हणशील तर थकले गं बाई. डोळे दाखवायला गेले आणि सगळी बाळंतपणं पुन्हा करून आले.

चर्चच्या आवारात डोळ्यांचं शिबिर होतं. वाटलं, पाटीवरची अक्षरं वाचायची नि घरी यायचं. तर नर्स विचारते, पाळी कधी आली, कधी गेली, पाळणा लांबवायच्या गोळ्या किती वर्षं घेतल्या, मुलं किती? (मागे रांगेत पाद्रीसाहेब!) पाळी आली त्या वर्षी आईच्या रताळ्यांत शेळ्या शिरल्या होत्या, एवढंच आठवतं. गेली एकेचाळिसाव्या वर्षी, ते मात्र पक्कं, कारण सासूबाई पुढेही दहा वर्षं आणखी एका नातवाची वाट पाहत होत्या. पण मुलांचा आकडा कसा सांगू? मोजली की पोरांवर संकट येतं, हे त्या शहरी पोरीच्या गावीही नाही. म्हटलं, "घर भरलंय, देवाची कृपा." तर म्हणते, "मावशी, फॉर्मच्या या चौकटीत कृपा मावत नाही, आकडा लागतो." मागून म्हातारी न्याकिओ कडाडली, "पोरं काय बटाटे आहेत गं मोजायला?" शेवटी मी एकेक नाव घेतलं, तिनं एकेक बोट दुमडलं. आठच दिवस जगलेल्या न्योकाबीचंही घेतलं, तीस वर्षांनी. पोरीनं तेही बोट दुमडलं. मोजलं तिनं, पाप तिच्या माथी. पण पोरगी चांगली आहे.

मग यंत्रानं डोळ्यांत फुंकर मारली आणि काचबिंदू निघाला. पाळी लवकर गेली तर धोका वाढत असावा म्हणे, बाईच्या अंगातल्या संप्रेरकांचा डोळ्यांना आधार असावा, पण खात्रीनं कुणी सांगत नाही. (माझी बाळंतपणं चौकटीत, त्यांचं उत्तर अधांतरी.) गेलेली नजर परत येत नाही, उरलेली रोजच्या थेंबांनी टिकेल. मी बरी आहे, उगाच रडत येऊ नकोस.

तुझी दमलेली ताई,
वामाइथा

ता. क. रडत नको, पण ये. शिबिरात गुरुवारसाठी तुझं नाव लिहून आलेय. एका बहिणीला असला की दुसरीनंही तपासून घ्यायचं असतं. तुझी पाळी माझ्याहूनही लवकर गेली, हे सांगून टाकलंय. भांडायचं ते इथे येऊन भांड.

आणखी एक. हा रोग नजर कडेनं खातो, मधलं दिसत राहतं म्हणून कळत नाही. तुझ्या मागच्या पत्रात प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द अर्धाच होता, बाकीचा कागदाबाहेर, तुझ्या टेबलावर गेला असणार. मी पोट धरून हसले होते. गुरुवारी ये गं.