पडद्याएवढं दार

३ ऑक्टोबर, शनिवार

मागच्या अंगणाचं काचेचं दार आज सकाळी पुन्हा अडकलं. बाबा नेहमीसारखे त्याला खांदा लावून उभे राहिले, दार बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तेव्हा कुठे ते मांजर जाईल इतकं सरकलं. चौकट फुगली आहे, खालची पट्टी गंजली आहे, फटीतला गार वारा थेट बाबांच्या गुडघ्यात शिरतो. ताई म्हणाली, या घरात दोनच गोष्टी जागच्या हलत नाहीत, एक हे दार आणि दुसरा माझा भाऊ. आई तोंडाला पदर लावून हसली.

माझं डोकं फिरलं. म्हणालो, नवीन दार मी आणतो. बजेटपासून कडीपर्यंत सगळं मी बघणार, कुणी मध्ये पडायचं नाही.

बाबांनी एका पाकिटावर आकडा लिहून दिला. म्हणाले, एवढ्या पैशांत आणि महिनाअखेरच्या आत दार सरकलं पाहिजे. सरकलं तर तुझ्या कॉलेजचं नाव या घरात कुणी काढणार नाही. नाही सरकलं तर एक तारखेला मामाकडे. मामाचं परगावी पडद्याच्या कापडाचं दुकान आहे. मी आणि पडदे! हसू आलं.

कॉलेज मी सोडलेलं नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. प्रॅक्टिकलच्या सरांनी बाहेर जा म्हटलं, मी गेलो. आत ये असं ते अजून म्हणालेले नाहीत. दीड वर्ष झालं. प्रश्न तत्त्वाचा आहे.

५ ऑक्टोबर, सोमवार

दारांच्या शोरूममध्ये गेलो. पाच मिनिटांचं काम होतं. दुपार गेली.

कोटेशनच्या टेबलावर ती बसते. ही वही ताईच्या हाती पडण्याचा धोका असल्यामुळे नाव लिहीत नाही. (नाव अजून कळलेलंही नाही.) इथे तिला 'टफन्ड' म्हणेन, कारण आमचं पहिलं बोलणं टफन्ड काचेवर झालं. ती म्हणाली, ही काच सहसा फुटत नाही, फुटलीच तर बारीक दाणे होतात, कुणाला लागत नाही. म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं. काचेबद्दल बोलताना इतकं कुणी माणसाकडे बघत नाही.

संकल्प: एकच दुकान बघून निर्णय घ्यायचा नाही. याच दुकानात चार वेळा जायचं.

६ ऑक्टोबर, मंगळवार

वाईट बातमी. शोरूमचा एक मापवाला आहे. घरोघरी जाऊन माप घेतो. मिशी आहे, मोटरसायकल आहे, कमरेला टेप आहे. तो आला आणि टेबलावरची टफन्डची पाण्याची बाटली न विचारता तोंडाला लावली. ती नुसती म्हणाली, घरून आणत जा ना. रागावली नाही! उलट हसली.

ती मला म्हणाली, हे उद्या तुमच्याकडे येऊन माप घेतील, त्याचे पैसे नाहीत. मी म्हणालो, गरज नाही, माप माझं मी आणतो. मापवाला म्हणाला, भिंत धरून घ्या हं भाऊ, नुसती काच मोजू नका. भाऊ! मी तिथेच उठलो.

रात्री जेवताना जाहीर केलं, हा मनुष्य या घरात पाऊल टाकणार नाही. टाकलं तर मी जेवण सोडेन. आई म्हणाली, आधी भात संपव.

८ ऑक्टोबर, गुरुवार

माप घेतलं. दाराच्या एका बाजूला वॉशिंग मशीन, दुसऱ्या बाजूला बाबांची आरामखुर्ची आणि आरामखुर्चीत बाबा. टेप पोचेना. बाबा उठेनात. अशा वेळी माणसाची बुद्धी कळते. दारावरचा पडदा काढला, पलंगावर पसरला, चुण्या नीट सरळ केल्या आणि मोजला. पडदा दारासाठीच शिवलेला आहे, म्हणजे दाराएवढाच असणार. तोही मामाच्या दुकानातला, त्यामुळे कापडात फसवणूक नाही.

ताई दारात उभी राहून बघत होती. तिला माझा हेवा वाटत असावा.

१० ऑक्टोबर, शनिवार

आजच्या तारखेखाली दोन रेघा मारल्या आहेत.

मी माप दिलं. टफन्डने कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत कागदाकडे. विचारलं, तुमचं घर केवढं आहे? मी म्हणालो, तसं मोठंच आहे. विचारलं, घरी कोण कोण असतं? सांगितलं. दुपारी घरी कोण असतं? आई असते. मग जरा थांबून म्हणाली, आईंचा नंबर देता का?

आईचा नंबर!

असं कधी ऐकलंय का? एरवी मुलाकडून चिठ्ठ्या, चकरा, मित्रांची मध्यस्थी, काय काय. इथे तिसऱ्या भेटीत मुलगी असून थेट आईचा नंबर मागते. धिटाई म्हणतात ती ही. मी नंबर दोनदा म्हणून दाखवला.

कोटेशनचा आकडा पाकिटावरच्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. पण आता तो प्रश्न दुय्यम.

११ ऑक्टोबर, रविवार

बजेट कापायला बसलो. जाळी काढली, डास काय इतर घरांतही असतात. कुलूप काढलं, चोर आला तर मी आहे. फिटिंगची मजुरी काढली, स्वतः बसवेन. तरी आकडा खाली येईना. एका पल्ल्याला काचच नको, असाही विचार करून पाहिला.

नवा शर्ट आणि सेंट 'प्रवास व किरकोळ' मध्ये घातले.

आईला सहज विचारलं, कुणाचा फोन आला होता का? म्हणाली, येतात की बरेच. आणि गालात हसली. बोलणी सुरू झालेली दिसतात.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

आयुष्यातला सर्वांत चांगला दिवस. सगळं लिहून ठेवतो.

टफन्डचा स्वतःहून फोन. दुपारी या, हँडल पसंत करायचं आहे. आई म्हणाली, जा जा, सावकाश ये. एरवी आई मला सावकाश ये असं कधी म्हणाली आहे?

तिने मला समोर बसवलं. कपाटातली सगळी हँडलं काढली. पितळी, काळी, पांढरी, लांब, गोल. प्रत्येक हातात धरायला लावलं. मध्येच फोन बघायची आणि म्हणायची, बसा हो, घाई काय आहे? चहा मागवला. मी कॉलेजचा किस्सा सांगितला, तत्त्वासकट. ती म्हणाली, बापरे. मी उठायला लागलो तर दुसरा चहा मागवला! पहिला चहा व्यवहार असू शकतो, दुसरा चहा कोण कशाला मागवेल? चहाबरोबर तिने तिच्या पर्समधला क्रीम बिस्किटांचा पुडा काढला. एकच उरलं होतं. तिने ते मोडून अर्धं मला दिलं. क्रीम माझ्या अर्ध्याला आलं.

विशेष म्हणजे मापवाला आज दिवसभर दिसला नाही. जणू हवेत विरला.

घरी आलो तर वॉशिंग मशीन जरा तिरकं वाटलं. आई म्हणाली, मागे झाडून घेतलं.

१७ ऑक्टोबर, शनिवार

नवीन कोटेशन. पाकिटावरच्या आकड्याच्या आत! वर जाळी आहे, कुलूप आहे, फिटिंगही आहे. टफन्डला विचारलं, हे कसं केलंत? म्हणाली, बसलं व्यवस्थित. एवढंच. मालकाशी माझ्यासाठी भांडली असणार, पण बोलून दाखवायचा स्वभाव नाही.

बाबांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला, ॲडव्हान्सचा चेक लिहिला. मी कागद वाचला नाही. जिथे विश्वास आहे तिथे वाचत बसत नाहीत.

२४ ऑक्टोबर, शनिवार

दार कारखान्यात आहे. मी रोज शोरूमला जाऊन चौकशी करतो. टफन्ड म्हणाली, तयार झालं की आम्ही कळवतो, तुम्ही रोज त्रास घेऊ नका. माझी किती काळजी.

मामाचा फोन आला, एक तारखेला येतोयस ना? मी म्हणालो, मामा, माझी वाट बघू नका. मामा म्हणाला, मग तुझ्या आईने गाडीचं तिकीट कुणाचं काढलंय? आई धोरणी आहे. गरज पडली नाही तर रद्द करता येतं.

२९ ऑक्टोबर, गुरुवार

दार बसलं!

जुनी चौकट निघाली, नवीन आत गेली, भिंतीला चौकट लागली. केसभर फट नाही. पडदा मोजून बनवलेलं दार इतकं तंतोतंत! कॉलेजात हेच शिकवायला हवं होतं.

पण शेवटी तपासायला कोण यावं? मापवाला. आला तो थेट मागे गेला आणि वॉशिंग मशीनचा डावा पाय उचलून ते सफाईने बाजूला केलं. म्हणाला, नाहीतर फरशीवर ओरखडा येतो. मग आईला म्हणाला, काकू, त्या दिवशीसारखं आलं घातलंत तर अर्धा कप चहा चालेल. आणि काकांचा गुडघा कसा आहे?

मी ओरडलो. काय काय ओरडलो ते सगळं आठवत नाही. चोर म्हणालो. माझ्या घरात माझ्या माघारी, असंही म्हणालो. एक हँडल उचललं होतं, ते बाबांनी हातातून काढून घेतलं.

मापवाला शांतपणे म्हणाला, भाऊ, माझी बहीण म्हणालीच होती तुम्ही तापट आहात म्हणून.

बहीण. टफन्ड. सख्खी.

म्हणजे ती बाटली घरचीच. म्हणजे मैदान मोकळं! आणि मी होणाऱ्या मेव्हण्याला चोर म्हणालो. धावत जाऊन त्याला पाणी दिलं. त्याने घेतलं नाही.

३० ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी बाबांनी सवयीने नव्या दाराला खांदा लावला. दार लोण्यासारखं सरकलं आणि बाबा थेट अंगणात, कुंड्यांवर. सगळे धावले. बाबा मातीत बसून हसत होते. बाबांना असं हसताना मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. मला वाटलं, हीच वेळ. विचारलं, मग कॉलेजचा विषय बंद?

बाबांनी हात झटकले. म्हणाले, दार तू बसवलंस?

मग आईने सगळं सांगितलं. माप बघून त्या पोरीला शंका आली, घर आहे की गोदाम. तिने आईला फोन केला. ताईने पडद्याची हकिगत पुरवली. आई म्हणाली, माप घ्यायला पाठवा, पण आमचं ध्यान घरी नसताना. तेवढा वेळ त्याला तुमच्याकडे गुंतवून ठेवा. तिकडे पोरगी हँडलं काढत होती, इकडे तिचा भाऊ वॉशिंग मशीन सरकवत होता. माप झाल्यावर त्याने तिला फोन केला, मग मला सोडण्यात आलं.

बाबा म्हणाले, मामाचा धंदा चुण्यांवर चालतो. दारापेक्षा पडदा दुप्पट लागतो हे तू अनुभवाने शिकलास, तेवढं शिक्षण त्याला पुरे आहे.

३१ ऑक्टोबर, शनिवार

बॅग भरली. नवा शर्ट वर ठेवला.

शोरूमवरून दोनदा गेलो. आत गेलो नाही. आपल्याकडे आता कोटेशन मागण्यासारखं काही उरलेलं नाही. खिडक्या सगळ्या चांगल्या आहेत, कालच तपासल्या.

पण विचार करतो आहे. बसवून ठेव असं आईने सांगितलं असेल, मान्य. एक चहाही सांगितला असेल. दुसरा चहा मात्र तिने मनानेच मागवला असणार.

आईला विचारलं. ती माझे मोजे गुंडाळत होती. म्हणाली, दोन चहा तरी पाज असं मीच म्हणाले होते रे. एका चहात तू कुठे टिकतोस, भडकतोस आणि उठून जातोस.

बिस्किटाबद्दल विचारलं नाही.