ग्रामोफोनचं वय

पप्पा, तुमचा ग्रामोफोन मला उद्या सकाळी अकरा वाजता कोथरूडला घेऊन जायचाय, आणि आत्ता शनिवारी दुपारी तो माझ्यासमोर अर्धा हिरवा, अर्धा सोललेला असा बसलाय. आई मेसवर स्वयंपाकाला गेलीय. गॅलरीत रंग काढायच्या रिमूव्हरचा वास अजून गेलेला नाही. डब्यात निम्मा शिल्लक आहे आणि तो वापरायचा की नाही हे संध्याकाळच्या आत ठरवायला पाहिजे, कारण नंतर पॉलिश मारलं तर ते वाळायलाही वेळ हवा. सकाळपासून चार वेळा चावी भरून बघितली. दोनदा तबकडी शेवटपर्यंत नीट गेली, आणि दोनदा शेवटच्या अर्ध्या मिनिटात गाणारी बाई एकदम पुरुषासारखी रेकायला लागली. उद्या यातलं कोणतं होणार हे मला माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर तेवढीच एक भीती असती तर बरं झालं असतं.

तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होतो, त्यामुळे पुढचं तुम्हाला काहीच माहीत नाही. मी डिप्लोमाला गेलो आणि दुसऱ्या वर्षी सोडला. आईला, मित्रांना, सगळ्यांना मी एकच गोष्ट सांगितलीय, की सबमिशनच्या दिवशी सर माझ्याशी नीट बोलले नाहीत, मी फाइल टेबलावर आपटली आणि तिथून जो निघालो तो परत गेलो नाही. हे खरंच आहे. फक्त त्या फाइलमध्ये पहिली सहा पानं सोडली तर काही नव्हतं. सर फाइल उघडणार होते, त्याच्या आधी मी आवाज चढवला. मला चढवता येतो. आता मी बाइकवरून पार्सलं पोचवतो, वारज्यापासून डेक्कनपर्यंत, आणि तशीच एकदा कोथरूडच्या एका सोसायटीत एक मुलगी लिफ्टमध्ये भेटली. तिसऱ्या पार्सलला तिनं विचारलं, "तुम्ही नेहमी एवढे रागात असता का, की फक्त आमच्या वॉचमनवर?" पप्पा, त्या दिवसापासून मी कामातून गेलो. तिची स्कूटी दुसऱ्या स्कूट्यांमधून मला आवाजावरून ओळखू येते. तिनं मेसेज वाचून उत्तर दिलं नाही तर मला जेवण जात नाही. दोन वर्षं होतील आता.

महिन्यापूर्वी तिनं मला घरी नेलं. तिचे वडील बँकेतून निवृत्त झालेत, शांत माणूस, मोठ्यानं बोलत नाहीत, आणि मला अहो-जाहो करतात. ते प्रेमानं नसतं हे पुण्यात कुणाला सांगावं लागत नाही. चहा आला. त्यांनी विचारलं, "वडील काय करायचे?" मी म्हणालो, पेंटर होते. "असं. म्हणजे भिंतींचे की चित्रांचे?" एवढंच विचारलं त्यांनी. दुकानांच्या पाट्या रंगवायचे, हे सांगायला किती वेळ लागला असता? पण माझे कान तापले, आणि मी तुम्हाला तिथेच सोडून आजोबांवर उडी मारली. म्हणालो, आमच्या घरात शंभर वर्षांपूर्वीचा ग्रामोफोन आहे, चावीचा, कंपनीचा ओरिजिनल, आजोबांना त्यांच्या साहेबानं दिलेला.

"वा," ते म्हणाले, "चालू आहे, की तुमच्या डिप्लोमासारखा?"

"चालू आहे," मी म्हणालो. मशीन तेव्हा पलंगाखाली चादरीत गुंडाळलेलं होतं आणि तुम्ही गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता.

"मग आणा एकदा. आमच्या वडिलांच्या तबकड्या पडून आहेत कपाटात. एक बाजू पूर्ण वाजवून दाखवा. कुठल्या काळातला आहे तेही बघू, मला थोडं कळतं त्यातलं." दारात चपला घालताना ती कानात म्हणाली, "बाबांना मशीन नकोय रे. तू एका जागी किती वेळ बसतोस ते बघायचंय त्यांना." आणि मग रस्त्यावर आल्यावर हेही सांगितलं, की नाशिकचं एक स्थळ आलंय, मुलाला ती बरी वाटलीय, आणि बाबांनी त्यांच्याकडून महिनाभराचा वेळ मागून घेतलाय. तो महिना उद्या संपतो.

मी ते मशीन शनिवार पेठेत जिन्याखाली घड्याळं दुरुस्त करणाऱ्या चाचांकडे नेलं. तुम्ही मला त्यांच्याकडे न्यायचात, म्हणून दुसरं कुणी सुचलंच नाही. त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं. "पेंटरचा पोरगा ना तू? नाक तेच आहे. सबुरी तेवढी घरी विसरून आलास." तीन आठवडे मी रोज पार्सलं संपवून त्यांच्यासमोर स्टुलावर बसलो. त्यांनी मोटर उघडली तर स्प्रिंग तुटलेली नव्हतीच, नुसतं आतलं ग्रीस वाळून डिंकासारखं झालेलं. ते रॉकेलनं धुवायचं काम मला दिलं. सुई जिथे बसते त्या साउंडबॉक्समधलं रबर दगडासारखं झालं होतं, तिथं त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्हची नळी कापून बसवली. वेग बघायला तबकडीखाली कागदाची चिठ्ठी खोचायची आणि एका मिनिटात ती किती वेळा समोरून जाते ते मोजायचं. अठ्ठ्याहत्तर यायला पाहिजेत. पहिल्या दिवशी एकसष्ट आले, मी स्क्रू पिळायला गेलो तर त्यांनी हातावर चापट मारली. "घाई आहे तर पार्सल पोचव जा."

पण मला घाई होती ती वयाची. मी रोज विचारायचो, चाचा, शंभर वर्षांचा आहे ना? शेवटी ते वैतागले. "हे बघ. साउंडबॉक्सात अभ्रकाची चकती असती तर जुना म्हटला असता, ही ॲल्युमिनियमची, म्हणजे नंतरचा. मोटर जुनी आहे, माझ्या वडिलांच्या वेळची असेल. सुईचा हा हात दुसऱ्याच मशीनचा. आणि कर्णा तर माझ्याहून लहान आहे. तुझ्या मशीनला वय नाही बाबा, वयं आहेत."

"पण आजोबांना साहेबानं दिलाय तो."

"मग साहेब बुधवारी जुन्या बाजारात गेला असेल."

मी म्हणालो, पेटी तरी ओरिजिनल असेल. ते म्हणाले, असेल तर लाकडावर कंपनीचा शिक्का असेल, पण तुझ्या बापानं एवढे रंग चढवलेत की खाली काय आहे ते अल्ला जाणे. काढायचाच असेल तर कापसानं काढ, एका कोपऱ्यातून, हळू.

ते रंग मला आठवतात, पप्पा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तुम्ही सगळे ब्रश रॉकेलमध्ये धुऊन पाटावर ओळीनं मांडता. उरलेल्या डब्यांतला एक डबा उघडता, वर्षभरात कुठल्या ना कुठल्या दुकानाच्या पाटीला लावलेला, आणि त्या रंगाचा एक हात पेटीला देता. दुसऱ्या दिवशी ब्रशांना झेंडूची फुलं, पेटीला झेंडूची फुलं, मग चावी भरायची आणि एक तबकडी. मी विचारतो, दरवर्षी का रंगवता? तुम्ही म्हणता, "नव्या कपड्यात बरी दिसते." शेवटचा रंग हिरवा होता, मेडिकलच्या दुकानाचा. त्याच वर्षी तुम्ही मला शिडीखाली उभं करून एका अक्षराच्या आत रंग भरायला दिला होता. माझा ब्रश रेषेबाहेर गेला, मी चिडून तो रस्त्यावर फेकला. तुम्ही ओरडला नाहीत. खाली उतरलात, ब्रश उचललात, बोटांनी त्याचे केस सरळ केलेत आणि म्हणालात, "बाहेर गेलेला रंग पुसता येतो रे. तू आपटलास तर ह्याचे केस मोडतात, मग हा कुणाच्याच कामाचा राहत नाही." ते ऐकून मला आणखीच राग आला होता. मारलं असतंत तर बरं, असं वाटलेलं.

गेल्या रविवारी आईच्या गॅलरीत वर्तमानपत्र पसरून मी कापसानंच सुरुवात केली. हिरवा गेला, खाली पिवळा, त्याखाली विटकरी, मग निळा. तेवढ्यात तिचा फोन आला. नाशिकचे लोक परत विचारतायत, असं ती नुसतं सांगत होती, आणि मी तिच्यावर ओरडलो, मग जा नाशिकला. तिनं फोन ठेवला. मी कापूस फेकला आणि रिमूव्हर डब्यातून सरळ पेटीवर ओतला, स्क्रॅपर घेतला आणि दोन बाजू खरवडून काढल्या. रंग सालीसारखा गोळा होऊन यायला लागला. मध्येच एक पांढरी आडवी रेघ दिसली, पेटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकदम सरळ. मला वाटलं कंपनीची डिझाइनची पट्टी आहे. आनंद झाला मला, पप्पा. अजून जोरात खरवडलं, शिक्का शोधत. रेघेखाली काहीतरी लाल होतं, तेही स्क्रॅपरवर आलं. थांबलो तेव्हा एका कोपऱ्यात फक्त एक 'य' उरला होता. त्याचा मी फोटो काढला आणि चाचांना नेऊन दाखवला, की ही कुठली कंपनी.

चाचांनी फोन हातात धरला आणि बोटांनी फोटो मोठा करून बघितला. मग म्हणाले, "कंपनीचं नाही हे. हाताचं आहे. माझ्या पाटीवर असाच य होता, पोटात थोडा वाकलेला. पोरांनी फ्लेक्स लावला तेव्हा ती भंगारात गेली." मला तरीही पटकन कळलं नाही. त्यांनाच सांगावं लागलं, "अरे, आधी शिरोरेषा ओढून मग अक्षरं वाळत घातल्यासारखी लटकवायचा, तो कोण?"

आईला विचारलं तर ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, त्यात काय एवढं. तुम्ही रंगवलेली पहिली पाटी होती ती, सायकलच्या दुकानाची, लाकडी. दुकान बंद झालं, मालकानं पाटी तुम्हाला परत दिली. जुन्या बाजारातून एकेक भाग आणून तुम्ही मशीन जुळवत होता, पेटी नव्हती, म्हणून पाटी कापलीत. "अक्षर अर्धं इकडे, अर्धं तिकडे. लोक हसतील म्हणून वरून रंग मारला." मी म्हणालो, मग साहेब? आजोबांचा साहेब? "साहेब कुठला? तुझे आजोबा कुणाच्या नोकरीत होते? दुसरीत असताना तू रडत आलास, वर्गातल्या पोरांच्या घरी कायकाय जुनं आहे म्हणून. तेव्हा ह्यांनी रात्रीतून साहेब काढला. तू झोपलास एकदाचा." म्हणजे थाप मारायची सवय कुठून आली तेही कळलं. मला हसू आलं आणि मग ते नीट थांबवता आलं नाही, आईनं गॅस बंद करून माझ्या पाठीवर पिठाचा हात ठेवला.

त्यानंतर मी पेठेत दोन दिवस फिरलो. पार्सल नसतानाही. तुमची एखादी पाटी कुठे तरी राहिली असेल म्हणून प्रत्येक दुकानाच्या वर बघत. मेडिकलवर फ्लेक्स आहे. पिठाच्या गिरणीवर फ्लेक्स आहे. लाँड्रीच्या जागी मोबाइलचं दुकान आहे, त्यावर रात्री पेटणारी अक्षरं. तुमचं अक्षर सगळ्या पुण्यात एका ठिकाणी शिल्लक होतं, आपल्या पलंगाखाली, आणि त्यातलं निम्मं मी स्वतःच्या हातानं, एका अनोळखी साहेबाच्या शोधात, वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकलं. ओळखलंही नाही. चाचांनी ओळखलं.

तिला मी हे सगळं काल सांगितलं. आधी माफी मागितली, मग सांगितलं. ती म्हणाली, "हेच सांग की बाबांना."

"अर्धवट पेटी घेऊन येऊ?"

"अर्धवट तर तूही आहेस. तुला आणतेच आहे ना मी घरात?"

तिला सोपं वाटतं. पण उरलेला रिमूव्हर वापरून हिरव्या दोन्ही बाजूही साफ केल्या, पॉलिश मारलं, तर पेटी खरंच शंभर वर्षांची दिसेल. तिचे वडील थोडं कळतं म्हणाले, ते थोडंच असलं तर खपूनही जाईल. आणि नाही खपलं तर नाशिक. हिरव्या दोन बाजूंखाली काय आहे हे मला आता माहीत आहे, उरलेली अक्षरं तिथे असणार. कापसानं काढली तर दिसतील, पण उद्यापर्यंत होणार नाही. ते महिन्याचं काम आहे, कदाचित जास्त. चाचा म्हणाले, बसशील तर शिकवतो.

लिहिता लिहिता मी उठून डब्याचं झाकण लावलं, हातोडीनं ठोकून. पेटी आहे तशीच न्यायची. दोन बाजू हिरव्या, दोन उघड्या, कोपऱ्यात य. रिक्षा ठरवलीय, पेटी आत ठेवायला आई हात देणार आहे. तबकडीची एक बाजू वाजली तर वाजली. वय विचारलं तर चाचा म्हणाले तेच सांगणार. तिच्या बाबांनी परत वडील काय करायचे विचारलं तर काय सांगायचं तेही ठरलंय, आणि ते चुकायला नको म्हणून मघाशी बेसिनच्या आरशासमोर उभं राहून म्हणून बघितलं. पप्पा, दोनदा तोंडातून 'आर्टिस्ट होते' असंच आलं. तिसऱ्यांदा 'पाट्या रंगवायचे' म्हणालो, पण नळ चालू ठेवून.