गाडीतूनच केलेली नोंद

खर्डा, गुरुवार, १२ डिसेंबर १९४६

गेल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला या पाणथळीच्या मोजणीला आलो तेव्हा उन्हाच्या कंटाळ्याने बैलगाडीतून उतरलोच नाही. गाडीतूनच लिहिलं: 'दलदल, निरुपयोगी.' आज चटयांसाठी लव्हाळं कापणाऱ्या इस्माईलचाचांनी हात धरून आत नेलं. चक्रवाकांचे थवे, काठाला करकोचे! गळ्यात दुर्बीण अडकवून मी जिल्हाभर पाखरं शोधत हिंडतो, आणि हे इथे?

पलीकडे मजूर चर खणत होते. पाणी काढून जमीन लागवडीला घ्यायचा हुकूम झालाय, माझ्याच नोंदीवरून. नुसता खाली उतरलो असतो तर?

"सायेब, ज्यानं निरुपयोगी लिवलं, त्यानं हितं पाय तरी ठिवला हुता का?" चाचांनी विचारलं.

परतताना गाडीत बसवेना. चार मैल गाडीमागून चालत आलो. आता चालून काय उपयोग?