अक्सोरियस म्हणजे

नेवासा,
९ जानेवारी १९९४

चि. अश्विनीस,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

टक्, टक्‌-टक्. आज सकाळपासून हाच आवाज कानात आहे. आमचे इंग्रजीचे मास्तर शब्द सांगताना टेबलावर रूळ आपटायचे, आणि आम्ही चाळीस पोरं त्या ठेक्यावर स्पेलिंग म्हणायचो. कविताही त्याच ठेक्यावर. माझी जागा दाराशी, सगळ्यांच्या मागं, पण आवाज तिथवर पोचायचा. पुढं मी स्वतः गुरुजी झालो, तरी इंग्रजी शब्द आणि मराठी कविता मला काही वेगळ्या करता आल्या नाहीत.

माझ्या वहीतले या आठवड्याचे शब्द घे. क्रेपस्क्युलर, म्हणजे तिन्हीसांजेचा. म्हणताना पापड मोडल्यासारखं वाटतं. एव्हंक्युलर, म्हणजे मामासारखा. आणि अक्सोरियस, म्हणजे बायकोवर माया करणारा. किती गोड शब्द!

काष्टीचा मुलगा रविवारी तुला बघायला येणार, असं तुझ्या आईनं, जयमालेनं, कळवलं आहे. जयमालेला म्हणावं, पोह्यांत मीठ तिनंच घालावं, तुझ्या हातावर सोडू नये.

लोभ आहेच, तो वाढता ठेव.

तुझा वहीवाला आजोबा,
सहादू


नागापूर,
१८ जानेवारी १९९४

ती. आजोबांस,
सविनय जयभीम वि. वि.

पोहे छान झाले, बाकी सगळं तुमच्या वहीनं बिघडवलं.

नितीन इथंच एमआयडीसीत फिटर आहेत. बोलतात कमी, पण आईच्या हातातला जड ट्रे त्यांनी उठून घेतला, आणि त्यात काही विशेष केल्याचा भाव नव्हता. मला आवडले. हे तुम्हालाच सांगते, आईला अजून बोलले नाही.

मग त्यांच्या वडिलांनी विचारलं, की पोरगी इंग्रजी घेऊन बी.ए. झालीय म्हणता, तर नवरा कसा पाहिजे ते एका इंग्रजी शब्दात सांगू द्या. मी ऐटीत अक्सोरियस म्हटलं, वर नेवाशाच्या गुरुजी आजोबांच्या वहीतला शब्द आहे असंही सांगितलं. सगळे वा वा करत गेले. घरी जाऊन डिक्शनरी उघडली. काल निरोप आला, की त्यात बायकोवर अति प्रेम करणारा, बाईलवेडा असं लिहिलंय, आणि आमचा पोरगा नंदीबैल व्हायला न्हाई दिला. बाबा हसत सुटले, आई अजून तापलेली आहे.

आजोबा, तुमच्या वहीत ‘अति’ नव्हतं हो. मास्तरांनी अर्धाच अर्थ सांगितला होता का? काहीतरी करा. मला हे स्थळ घालवायचं नाही.

माया असू द्या. माझ्या बाबतीत अति झाली तरी चालेल.

तुमची,
अशू


नेवासा,
२३ जानेवारी १९९४

चि. अशूस,
आशीर्वाद आणि जयभीम.

मास्तरांना बोल लावू नकोस. त्यांनी अर्थ पुरा सांगितला होता, रूळ आपटून, आणि सगळा वर्ग हसला होता. शाळेतल्या वहीत ‘अति’ होतं. ती वही फाटली म्हणून मी नवी उतरवून काढली. लग्नाला तेव्हा दोनच महिने झाले होते. तुझी आजी चुलीपुढं भाकरी थापत होती आणि मी तिच्याकडं बघत बघत लिहीत होतो. या शब्दापाशी आलो. यात अति ते काय असायचं, असं मनात आलं, आणि मी ते गाळलं. भिमाबाई होती तोवर, आणि ती गेल्यावरही, ते गाळलेलं मला कधी चुकीचं वाटलं नाही.

चूक माझी आहे. नितीनच्या वडिलांना आजच तसं लिहितो. ऐकतील न ऐकतील. स्थळ गेलं तर तुला काय तोंड दाखवू, एवढीच काळजी लागली आहे.

रागाव, पण लोभ कमी करू नकोस.

तुझा चुकार आजोबा,
सहादू

ता. क. पाकीट चिकटवत होतो तर कडी वाजली. दारात राहीबाई, नितीनच्या आई. काष्टीहून एसट्या बदलत एकट्याच आल्या आहेत. उंबऱ्यातूनच सांगतायत, की डिक्शनरी उघडली गड्यांनी अन् तापलेही तेच, मला कुनी इचारलं न्हाई. नवऱ्याची माया लई झाली, अशी कागाळी करनारी बाई अजून माझ्या बघन्यात न्हाई. तवा यात शिवी कुटं हाय, ते गुरुजींनी समजून सांगावं. आणि पोरीला व्हय म्हनून कळवावं, गड्यांचं मी बघते. चपला अजून त्यांच्या पायातच आहेत. आधी त्यांना आत घेतो.