शुक्रवारी पास झालेली डिस्क

१ एप्रिल, मंगळवार

हो म्हणाली! हो म्हणाली!!

मेघाली नाही. तिची आजी. पण त्या घरात आजीच्या शब्दाशिवाय पान हलत नाही, म्हणजे निम्मं काम झालं!

ठमाबाई, वळ गावची धवलारीण. आमच्या आगरी लग्नांत भटजी असो नसो, धवला, म्हणजे लग्न लावायची गाणी, गाणारी बाई लागतेच. पंचक्रोशीत आता हिच्याइतके धवले कुणालाच येत नाहीत. वीस तारखेला काल्हेरला मेघालीच्या मावसबहिणीचं, ऋतिकाचं लग्न. ठमाबाई म्हणते, "ह्या शेवटचा. आता दम पुरत न्हाय." आणि आजवर तिचं एकही नीट रेकॉर्डिंग नाही! मोबाईलवरचे व्हिडिओ आहेत. त्यात जनरेटर फार छान ऐकू येतो.

मी म्हटलं, मी करतो. आठ माईक, आठ ट्रॅक. प्रत्येक आवाज वेगळा. नंतर हवा तो एकटा ऐकता येईल. माईक आणि ते लॅपटॉपला जोडायची पेटी दौलतची (त्याचं बेंजो पथक आहे, मी त्याचा साउंड बघतो). लॅपटॉप माझा.

ओळख करून द्यायला मी सुरुवात केली — "मी सार्थक, कामतघरचा, माझ्या आईचं नाव —" तर म्हातारीने हातच वर केला. "आयचा नाव नको सांगू! तुझा काय लगीन हाय?"

मेघाली तोंडावर ओढणी धरून हसत होती. मग तिने समजावलं. आजी धवल्यात नवऱ्याच्या आणि नवरीच्या आईचं नाव गुंफते. म्हणून ज्याचं लग्न तिला लावायचंय, त्याच्याच आईचं नाव विचारते. इतरांचं कानावरसुद्धा पडू देत नाही.

आणखी एक नियम. लग्नाशिवाय धवला नाही. तालीम नाही, ट्रायल नाही, "आजी, परत एकदा" नाही. "एकदा लागलेला लगीन परत लावतान का रं?"

म्हणजे एकच संधी. मध्ये एक सेकंद बंद पडलं तरी गेलं ते गेलंच.

२ एप्रिल

लॅपटॉपची डिस्क गळ्यापर्यंत भरलेली. बाहेरची हार्ड डिस्क घ्यायलाच हवी. दौलत म्हणतो दोन टीबीची घे, मोठी, एकदाच काय ते.

मेघालीला विचारलं. ती वडप्याच्या गोडाऊनमध्ये परत आलेला माल तपासते. कोण काय परत पाठवतं ते तिला तोंडपाठ.

"फिरणारी घेऊ नकोस," ती म्हणाली. "आत तबकडी फिरते. हलली, आपटली की आली परत आमच्याकडे. आत काही न फिरणारी घे. एसएसडी. छोटी चालेल."

"छोटी? आठ ट्रॅक आहेत!"

"आठ ट्रॅक म्हणजे तासाला चार जीबी. मी हिशोब केलाय. आजी काय शंभर तास गाणार आहे?"

इथवर सगळं गोड. मग म्हणाली — "सुयश सर पण हेच म्हणाले."

कोण हा सुयश सर? सुपरवायझर म्हणे. माझ्या रेकॉर्डिंगचं त्याला कशाला सांगायचं? माझ्या?

४ एप्रिल, शुक्रवार

घेतली. दोन टीबी. फिरणारी!

सुयश सरांनी सांगितलेली डिस्क मी घेणार नाही म्हणजे नाही.

घरी येऊन टेस्ट केली. आठही ट्रॅक चालू, सलग दोन तास. एकदाही थांबली नाही! लोण्यातून सुरी! मेघालीला फोटो पाठवला, खाली लिहिलं — "तुमच्या सरांना दाखव."

तिने नुसता अंगठा पाठवला.

५ एप्रिल

अकराव्या मिनिटाला रेकॉर्डिंग बंद. स्क्रीनवर सूचना — डिस्कला वेग झेपत नाही. परत लावलं. सहाव्या मिनिटाला बंद.

काल तर चालली होती!!

६ एप्रिल

केबल बदलली. बंद. लॅपटॉपचं दुसरं पोर्ट. बंद. पेटी आणि डिस्क एकाच हबवर होती, म्हणून डिस्क सरळ लॅपटॉपला लावली. बंद. डिस्क झोपू नये म्हणून सेटिंग बदललं. जागी राहून बंद!

बाबा दारातून — "मैना, तुझ्या पोराची डबी पण मधेच कॉलेज सोडते बघ!"

आई हसली. मी नाही हसलो. दुसऱ्या वर्षाला तोंडी परीक्षेत जर्नल भिरकावून आलो, त्याला दोन वर्षं झाली. बाबांना रोज कालच झाल्यासारखं वाटतं.

त्या रागात मेघालीला फोन केला आणि नको ते बोललो. तुम्ही दोघांनी नजर लावली, असं काहीतरी. ती एवढंच म्हणाली, "सार्थक, माझ्या आजीचा आवाज आहे तो. तुझी डिस्क नाही." फोन ठेवला.

गाढव आहे मी. लिहून ठेवतो म्हणजे उद्या नाकारता येणार नाही. गाढव.

८ एप्रिल

तीन मेसेज. एकाचंही उत्तर नाही. डिस्क नवव्या मिनिटाला बंद.

१० एप्रिल, गुरुवार

आईने शोधून काढलं!! इंजिनिअरिंगवाल्या मुलाने नाही, सातवी शिकलेल्या आईने!

चहाचा कप टेबलावर ठेवला आणि डिस्ककडे बघत उभी राहिली. म्हणाली, "थरथरतंय की रे."

"काय?"

"टेबल. साय बघ."

चहावरची साय खरंच बारीक बारीक थरथरत होती. भिंतीमागे यंत्रमागांचा, लूमचा कारखाना. चोवीस वर्षांत त्याचा आवाज मला ऐकू येईनासा झालाय. खटखट नसली की उलट कान दुखतात.

आई म्हणते, "फळीवरची भांडी शुक्रवारीच काय ती गप्प असतात. तुझी डबी पण त्यांच्यातलीच."

शुक्रवार! कारखान्याची सुट्टी! मी टेस्ट घेतली ती लूम बंद असताना! आत तबकडी फिरते, वर ती सुईसारखी टोचणी, आणि खाली सगळं घर हलतंय — लिहिणार कसं बिचारी?

भिवंडीत राहून लूम विसरलो. आणि लग्नाच्या मांडवात तर शेजारी दौलतचे स्पीकरचे बॉक्स लागणार, ते काय कमी हादरवतात!

११ एप्रिल, शुक्रवार

खात्री केली. लूम बंद, डिस्क तीन तास सुतासारखी सरळ.

म्हणजे मेघालीचं बरोबर होतं. शब्दन् शब्द.

१२ एप्रिल

गोडाऊन सुटायच्या वेळेला वडप्याला गेलो. ट्रकच्या रांगेशेजारी, धुळीत उभं राहून माफी मागितली. सगळं सांगितलं — चहाची सायसुद्धा.

ती आधी रागाने बघत होती. साय आली तशी हसायलाच लागली. थांबेचना! "काकूंना आमच्या गोडाऊनला पाठव. मी घरी बसते."

मग मान खाली घालून विचारलं, सुयश सर कसे आहेत.

"कसे म्हणजे? जुळी मुलं आहेत. तिसरीत. दोघांचं मिळून गणित कच्चं, म्हणून सर वैतागलेले असतात."

देवा!

१३ एप्रिल, रविवार

तिच्यासोबत दुकानात!! ती सोबत!!

दुकानदार चकचकीत खोकी काढत होता आणि ती एकेकाची परीक्षा घेत होती. "ही अर्धी भरली की मंदावते. हिची केबल सैल बसते. ही? हिच्यावर लिहिलंय तेवढी जागा आत असते का, ते आधी भरून दाखवा." शेवटी दुकानदारच म्हणाला, "मॅडम, आप ही गल्ले पे बैठ जाओ."

घेतली. पाचशे जीबी, पत्र्याच्या डबीतली, खिशात मावणारी. पैसे दौलतने दिले, बदल्यात त्याच्या दोन हळदींचा साउंड फुकट करायचा. करू! चार करू!

नंतर उसाचा रस. तिने आलं जास्त घालायला सांगितलं. मला आलं आवडत नाही. दोन ग्लास प्यायलो.

१९ एप्रिल, शनिवार

शेवटची टेस्ट. मुद्दाम लूम चालू असताना. ठमाबाई ट्रायलला गाणार नाही, म्हणून आठ माईकसमोर आईला बसवलं. काहीही बोल म्हटलं. तिने तीन तास सगळ्या नातेवाइकांची लग्नं काढली — कुणी कुठे मान दिला नाही, कुणाची करंजी फुटली, बाबांच्या मावशीने हळदीत काय केलं. बाबा ऐकायला आले आणि पाचव्या माईकसमोर वाद घालत बसले.

एकदाही थांबली नाही. डिस्क. आईसुद्धा.

२० एप्रिल, रविवार

आधी लिहितो, मग झोप.

मांडवाच्या कोपऱ्यात टेबल. डिस्क लॅपटॉपला सरळ, मध्ये काही नाही. केबल चिकटपट्टीने बांधली. एक माईक ठमाबाईला, तीन मागे सूर धरणाऱ्या बायकांना — त्यातला शेवटचा, चौथ्या ट्रॅकचा, मेघालीचा, ती आजीला चिकटूनच बसली होती. उरलेले मांडवाला.

म्हातारीने माईककडे बघितलं. "ह्या चावल काय?"

"नाही आजी."

"मंग ऱ्हाऊ दे."

आणि सुरू झाली. हिरवं लुगडं, कपाळावर मळवट, डोळे मिटलेले. एवढ्याशा देहातून तो आवाज! शेजारी दौलतच्या पोरांनी बॉक्स तपासायला घेतले, टेबल दणदणलं — मी स्क्रीनकडे बघितलं. रेकॉर्डिंगची हिरवी रेघ चालूच! धावत जाऊन दौलतला म्हटलं, आत्ता बंद कर नाहीतर वायर कापतो. तो म्हणाला, "अरे बंदच केलंय, वेड्या, मी पण ऐकतोय." खरंच ऐकत होता. डोळे पुसत.

ऋतिकाच्या आईचं नाव धवल्यात आलं तशी ती बाई ढसाढसा रडली. पाठोपाठ देवेशच्या, नवऱ्याच्या आईचं. तीही. दोन्ही विहिणी एकमेकींच्या खांद्यावर.

दोन तास चाळीस मिनिटं. एक सेकंद गेला नाही!

मेघाली निघताना म्हणाली, "छान केलंस." एवढंच. पण कसं म्हणाली!

मला जे बोलायचं होतं ते बोललो नाही. जर्नल भिरकावता येतं, हे येत नाही.

२१ एप्रिल

झोपलो. दिवसभर.

२५ एप्रिल, शुक्रवार

लूम बंद. फिरणारी डिस्क बाहेर काढली, तिच्यावर सगळ्याची दुसरी प्रत घेतली. शुक्रवारी ती गुणी आहे.

प्रत होता होता एकेक ट्रॅक एकटा ऐकत बसलो. चौथा लावला. शेवटचा धवला संपतो. बांगड्या. पाणी प्यायल्याचा आवाज. मग ठमाबाई, अगदी जवळून —

"मेघाली, त्या वायरवाल्याचे आयशीचा नाव काय ग?"

परत बांगड्या किणकिणल्या.

मग मेघाली, हळूच — "मैना."

माझ्या आईचं नाव मी तिला कधीच सांगितलं नव्हतं.